वारा नाही असे गृहीत धरून

नकाशा आला पगाराच्या पाकिटासोबत,
त्रेचाळीसच्या नाताळात.
क्रॉली पिस्टन रिंग कंपनी, टोलेडो, ओहायो,
आपल्या कामगारांस सप्रेम.

उत्तर ध्रुव मधोमध,
आणि त्याच्याभोवती सगळे देश
शेकोटीला बसल्यासारखे, गुडघ्याला गुडघा लावून.
समुद्र होते, पण उगाच असल्यासारखे.
चारी कडांना विमानं, नाक वर केलेली,
आणि एका कोपऱ्यात कंपनीची रिंग,
चंद्राएवढी मोठी, चंद्रापेक्षा गोल.

अंतरं मैलांत नव्हतीच. तासांत होती.
टोलेडो ते बुडापेस्ट : सोळा तास.
आई हसली. म्हणाली, माझ्या दोन पाळ्या.
ती आली होती तेव्हा बोटीवर एकोणीस दिवस
भिंतीकडे तोंड करून पडली होती.

खाली, मुंगीच्या अक्षरांत :
ताशी तीनशे मैल. वारा नाही असे गृहीत धरून.

तिचं गाव त्यात नव्हतं.
तिसा नदीचीच रेघ केसाएवढी,
तिच्या काठचं गाव कोण छापणार.
आईने बोटाने नदी चाचपली, वळण ओळखलं,
आणि तिथे सुई टोचली.
मग नकाशा चुलीवरच्या भिंतीला लागला.
कोबीच्या वाफेने ग्रीनलंड आधी फुगलं.

आई तपासणी विभागात होती.
दिवसाला दोन हजार रिंगा
नखाच्या टोकावरून फिरवायची.
यंत्राला न दिसणारी कूस तिच्या नखाला लागायची.
त्या रिंगा कुठल्या विमानात जातात
हे विचारायचं नाही, अशी पाटी होती.

माझा भाऊ देझो विमानातच गेला.
इटलीहून त्याची पत्रं यायची,
कात्रीने खिडक्या पाडलेली.
थंडी आहे. अंडी पावडरची आहेत.
काल आठ तास वर होतो.
यापुढे एक खिडकी.

एका रात्री आईने शिवणाचा दोरा घेतला,
एक टोक इटलीच्या टाचेशी धरलं,
दुसरं सुईच्या भोकाशी,
आणि दोरा तासांच्या पट्टीवर ठेवला.
दीड तास.
वडील म्हणाले, एटेल्का, झोप आता.
तिने दोरा दातांनी तोडला,
पण शिवायला काही घेतलं नाही.

त्या आठवड्यात तिने इतक्या रिंगा बाद केल्या
की फोरमन स्वतः टेबलापाशी आला.
बसत नाहीत, म्हणाली.
त्याने गेज लावून पाहिलं. बसत होत्या.
बसत नाहीत, आई म्हणाली.

देझो परत आला. दोन्ही हात, दोन्ही पाय.
त्यानंतर वर्षाने रोझालिया मावशीचं पत्र,
पेन्सिलीचं, दोन्ही बाजूंनी भरलेलं.
आईचा चष्मा फुटला होता, म्हणून त्याने वाचलं,
एकेक शब्द पायरीसारखा उतरत.
तुम्ही सगळे बरे आहात ना.
बदकं आता नाहीत.
स्टेशन आता
इथे तो थांबला.
चुलीवर काहीतरी उतू जात होतं, कोणी उठलं नाही.
पुढे वाच, आई म्हणाली.
स्टेशन आता नाही, ज्या दिवशी गेलं त्या दिवशी वारा नव्हता,
धूर तिथेच उभा राहिला संध्याकाळपर्यंत.
जमलं तर सुया पाठव. आणि कॉफी.

आईने सुया पाठवल्या. एक पूर्ण पाकीट.
देझोने चाळीस वर्षं ट्रक चालवला,
आणि विमानात पुन्हा कधी बसला नाही.
आईच्या क्रियाकर्मालाही डेनव्हरहून बसनेच आला,
एक दिवस उशिरा.

आज घर रिकामं करतेय.
अंगणातल्या टेबलावर कप, इस्त्री, वडिलांच्या टोप्या,
आणि हा, कडा तपकिरी झालेला.
एकाने उचलला. जाणकार दिसला.
खाली धरून पाहिला, मग उन्हात धरला,
आणि तिसा नदीच्या काठावरून
मोहरीएवढा उजेड त्याच्या शर्टावर पडला.

भोक आहे, म्हणाला.
नाहीतर ऐंशी दिले असते.